ओरडलो तरी उघडू नका

"म्हणजे ते कोंडणारे तुम्हीच!" चिटणीस दारातूनच म्हणाले.

भाऊंना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. अडतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर, मोटारीच्या शेजारी बसून काढली होती. निवृत्तीनंतर कानांनीही आपापली रजा वसूल करायला घेतली होती, आणि त्याबद्दल भाऊंची तक्रार नव्हती.

"काय करणारे?"

"कोंडणारे हो! बाहेरून कुलूप लावून!"

चिटणीस म्हणजे सत्कार समितीचे चिटणीस. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे गावात कोण कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असलंच पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या काखेत एक जाडजूड पुस्तक होतं आणि पुस्तकात खूण म्हणून विजेचं बिल. येत्या रविवारी गावातल्या नव्या नाट्यगृहाला गावच्याच जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकाचं नाव द्यायचं होतं, आणि त्यासाठी खुद्द साहेब येणार होते. गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच. पस्तीस वर्षांत गावानं त्यांना सात वेळा बोलावलं होतं, आणि सातही वेळा त्यांच्या सेक्रेटरीनं अतिशय सुंदर कागदावर नकार कळवला होता.

भाऊ आमंत्रणाची वाटच बघत होते. 'आमचा लंबू' असा साहेबांचा उल्लेख करणारा गावात दुसरा माणूस नव्हता. साहेब पहिल्यांदा टीव्हीवर दिसले तेव्हापासून भाऊ सांगत आले होते, की हा माझ्या पंपघरात बसून वाजवायचा. लोक ऐकून घ्यायचे. मग लोकांनी भाऊंचं नावच 'दोस्त' ठेवलं. न्हावी दाढीला साबण लावताना म्हणायचा, "काय दोस्त, काल तुमचे मित्र टीव्हीवर होते. तुमची चौकशी करत होते बरं का." भाऊंना तोंडाला फेस असल्यामुळे उत्तर देता यायचं नाही, आणि न्हावी ते पाहूनच बोलायचा.

"साहेबांच्या आत्मचरित्रात तुम्ही आहात," चिटणीस म्हणाले. "पान एकशे बारा. बसा, वाचतो."

भाऊ बसले. आतून त्यांची बायको हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. चिटणीसांनी वर्गात वाचतात तसं वाचलं:

"'त्या पंपघराचा राखणदार दगडी चेहऱ्याचा होता. संगीताशी त्याचं जन्माचं वैर. एका दुपारी त्याने मला आत लोटलं आणि बाहेरून कुलूप घातलं. मी ओरडलो, दारावर मुठी आपटल्या. तो बाहेर बसून शांतपणे चहा पीत होता. त्या काळ्याकुट्ट अंधारात, यंत्राच्या त्या घुमणाऱ्या आवाजात, मी प्रथम स्वतःला भेटलो. त्या दिवशी त्याने मला कोंडलं नसतं, तर आज मी कोणीच नसतो.'"

चिटणीसांनी पुस्तक मिटलं आणि कौतुकानं भाऊंकडे पाहिलं.

"राखणदार नाही," भाऊ म्हणाले. "ऑपरेटर."

"हां, ते असेल."

"आणि अंधार कुठला? खिडकी होती तिथं. चार बाय तीनची. गजाची."

"अहो, ते साहित्य आहे! महत्त्वाचं ऐका. साहेब तुम्हाला स्टेजवर बोलावून जाहीर माफ करणार आहेत. त्यांच्या सेक्रेटरीचा खास फोन आला, तो माणूस हयात आहे का म्हणून. मी म्हटलं, हयात म्हणजे काय, ठणठणीत आहे. टीव्हीवाले येणार."

"माफ? कशाबद्दल?"

"कोंडल्याबद्दल!"

"त्यानंच सांगितलं होतं कोंडायला."

गृहपाठ न करता आलेल्या मुलाकडे बघावं तसं चिटणीसांनी भाऊंकडे पाहिलं. "स्वतःच सांगितलं? बरं. मग माणूस ओरडला का? दारावर मुठी का आपटल्या?"

भाऊंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला.

"बघा," चिटणीस उठत म्हणाले. "रविवारी, अकराला. जरा बरा शर्ट घाला."

*

त्या प्रश्नाचं उत्तर भाऊंकडे होतं. पण ते एकट्या भाऊंच्या मालकीचं नव्हतं.

त्या वेळी भाऊ पस्तिशीत होते आणि लंबू एकोणीस वर्षांचा. कॉलेजात दोनदा नापास. बाप दुकानदार, पुन्हा घरात वाजवलंस तर ती व्हायोलिनची पेटी चुलीत घालीन असं सांगून बसलेला. शेजाऱ्यांनी तर चुलीला लाकडं पुरवण्याची तयारी दाखवली होती. मग लंबू व्हायोलिन घेऊन गावाबाहेरच्या पंपघरापाशी आला. दारावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' असं लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, मी आत कितीही घाण वाजवलं तरी तुमच्या मोटारीपुढं कोणाला ऐकू येणार?" हा मुद्दा भाऊंना बिनतोड वाटला.

तो आपल्या तारा मोटारीच्या आवाजाशी जुळवून घ्यायचा. दोन नंबरच्या मोटारीचं बेअरिंग गेलं होतं, त्यामुळे तिचा सूर असायला हवा त्यापेक्षा जरा खाली होता. पुढं ही साहेबांची खास पट्टी म्हणून प्रसिद्ध झाली. त्या पट्टीतल्या करुण भावावर एका बाईंनी डॉक्टरेट मिळवली. बेअरिंग नंतर बदललं, हे त्या बाईंना कोणी कळवलं नाही.

लंबूची एकच खोड होती. पाव तास वाजवलं की तो पळायचा. पुलाखाली पत्त्यांचा अड्डा होता. तिकडून पेटी घ्यायला तो पाच वाजता परत यायचा. एके दिवशी तो स्वतःच कुलूप घेऊन आला.

"भाऊ, रोज दोन ते सहा. बाहेरून लावायचं. मी ओरडलो तरी उघडू नका."

"आणि खरंच काही झालं तर?"

"मला काही होत नाही. मी नाटकं करीन. रडीन, शिव्या देईन, तुमच्या पोराबाळांची शपथ घालीन. उघडायचं नाही. शब्द द्या."

भाऊंनी शब्द दिला. भाऊ दर तासाला पाण्याचा दाब वहीत लिहिणारे गृहस्थ होते. ती वही वर कोणी वाचत नाही, हे माहीत असूनही लिहिणारे. त्यांच्याकडून शब्द घेणं हा तसा धोक्याचाच व्यवहार होता.

पहिल्या आठवड्यात त्यांना लंबूची सगळी नाटकं पाठ झाली. आधी विनवणी, मग धमकी, मग "मोटार पेटली, मोटार पेटली!" भाऊ मागच्या खिडकीपाशी जाऊन बघायचे, काही पेटलेलं नसायचं, ते परत येऊन बसायचे. पोटदुखीचा प्रयोग दोनदा झाला. दुसऱ्या खेपेला तर लंबू जमिनीवर लोळला. भाऊ खिडकीतून म्हणाले, "छान. आता वाजव." आणि तो हसत उठून वाजवायला लागला. तीन महिन्यांत त्याचा हात असा फिरायला लागला, की भाऊ वहीत दाब लिहायचं विसरू लागले.

मग तो दिवस आला. सव्वातीनला लंबू ओरडायला लागला. पोट, पोट. भाऊंनी खिडकीतून पाहिलं, तो पोट धरून वाकला होता. प्रयोग तिसरा, असं म्हणून ते परत येऊन बसले. त्यांनी चहासुद्धा घेतला, पुस्तकात ते बरोबर होतं. लंबूनं दार बडवलं, शिव्या दिल्या, आईला हाका मारल्या. मग तो गप्प झाला. गप्प बसणं त्याच्या नाटकांत नव्हतं. व्हायोलिनही वाजेना. चार वाजून वीस मिनिटांनी भाऊंनी शब्द मोडला आणि कुलूप काढलं.

लंबू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. वासावरून काय झालं ते कळत होतं.

पंपघरात पाण्याला तोटा नव्हता. त्यांनी पाइप लावला, फरशी धुतली, त्याचे पाय धुतले. खुंटीवरची आपली खाकी पँट दिली. ती त्याला पोटऱ्यांपर्यंतच आली. दारातून बाहेर पडताना लंबूनं खालमानेनं विचारलं, "कोणाला सांगणार नाही ना?"

"काय सांगायचं?" भाऊ म्हणाले. "पाणी सांडलं होतं."

त्यानंतर लंबू पंपघराकडे फिरकला नाही. महिन्याभरात तो गाव सोडून मोठ्या शहरात गेला. पँट कुठं गेली असं बायकोनं विचारलं, तेव्हा भाऊंनी सांगितलं, मशीनमध्ये अडकून फाटली. पस्तीस वर्षांत ते एवढं एकच खोटं बोलले होते. बाकीचं सगळं ते गावाला खरंच सांगत आले, आणि गावाचा विश्वास बसायचा तो फक्त पँटवर.

*

"मग तिथंच सांगून टाका काय ते खरं," चिटणीस गेल्यावर बायको म्हणाली.

"सांगणारच आहे."

"आणि ते म्हणाले, मी नव्हतं सांगितलं कोंडायला, तर?"

"नाही म्हणणार. मला बघितलं की आठवेल त्याला."

"बघितलं की आठवायला तुम्ही काय नोटेवर छापलेले आहात? पस्तीस वर्षांत एक पत्र नाही. आणि आता आठवलं ते काय, तर दगडी चेहरा."

"मोठ्या माणसांना वेळ नसतो."

"एकशे बारा पानं लिहायला होता."

"त्याच्या पुढंही आहेत पानं," भाऊ म्हणाले. अचूकपणाची सवय सुटत नाही.

रविवारी ते बरा शर्ट घालून गेले. बायकोला अकराव्या रांगेत जागा मिळाली. भाऊंना चिटणीसांनी हाताला धरून स्टेजमागच्या खोलीत नेलं. तिथं नव्या रंगाचा वास येत होता. मधोमध लंबू बसला होता. केस पांढरे, अंगावर अंगाबरोबर शिवलेला काळा कोट, भोवती सहा माणसं. भाऊंना पाहताच तो उठला आणि म्हणाला, "सगळे जरा बाहेर व्हा." सगळे झाले. चिटणीसांना दोनदा सांगावं लागलं.

दार लागलं.

"भाऊ."

भाऊंपुढं अडचण उभी राहिली. तू म्हणावं तर समोर कोट होता, तुम्ही म्हणावं तर आत लंबू होता. त्यांनी कर्त्याशिवाय वाक्य करायचं ठरवलं. "तब्येत चांगली दिसते."

"बसा ना. पुस्तक वाचलंत?"

"पान एकशे बारा."

"प्रकाशक मागं लागतात हो. जरा खुलवून लिहावं लागतं."

"खिडकी होती."

"काय?"

"अंधार नव्हता. मागं खिडकी होती."

लंबू हसला, पण ते हसू अर्ध्यावर बंद पडलं. त्यानं दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या दिवशी मी खरंच ओरडत होतो, भाऊ."

"हो. नंतर कळलं."

"कोणाला कधी..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

भाऊंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. आपल्याला इथं माफ करायला बोलावलेलं नाही. जुना व्हॉल्व्ह अजून घट्ट बसतोय की कुठं गळतोय, एवढं तपासायला बोलावलं आहे. भाऊंनी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? तपासणाऱ्याचा चेहरा त्यांना लगेच ओळखू आला.

"पाणी सांडलं होतं," ते म्हणाले.

कोटाचे खांदे दोन बोटं खाली आले.

आता आपली पाळी, असं भाऊंना वाटलं. "एक होतं. कुलूप लावायला सांगितलं होतं मला, तेवढं स्टेजवर... तेवढंच. गाव मला खोटा समजतं."

लंबूनं खरोखर विचार केला. त्याचा विचार करतानाचा चेहरा अजून तसाच होता, खालचा ओठ दातात धरलेला. "ते सांगितलं तर लोक विचारतील, मग ओरडलास का?"

"विचारतील," भाऊ म्हणाले. चिटणीसांनी विचारलंच होतं.

"आणि मग?"

मग काय, ते दोघांनाही माहीत होतं. बाहेर कोणीतरी माइक तपासत होतं, एक दोन तीन, एक दोन तीन.

"तेवीस वर्षं मी परदेशात हेच सांगत आलोय, भाऊ. सहा भाषांत छापून आलंय. आता मला स्वतःलासुद्धा असंच आठवतं."

"बरोबर आहे."

"राग नाही ना?"

"मी राखणदार नव्हतो. ऑपरेटर होतो. तेवढं पुढच्या आवृत्तीत बघावं."

"नक्की," लंबू एकदम मोकळेपणानं म्हणाला. "ते नक्की करतो."

*

नाट्यगृह गच्च भरलं होतं. आठशे खुर्च्या, शिवाय भिंतीला टेकलेले. साहेबांनी आधी वाजवलं. पट्टी तीच होती, जराशी खालची. भाऊ विंगेत उभे राहून ऐकत होते. त्या गेलेल्या बेअरिंगचा आवाज त्यांनी कुठंही ओळखला असता. तेवढी दहा मिनिटं त्यांना कशाचंच काही वाटलं नाही.

मग साहेबांनी गोष्ट सांगितली. पुस्तकापेक्षा ती आता आणखी चांगली झाली होती. राखणदाराच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला होता आणि तो बाहेरून खदाखदा हसला होता. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. "आणि तो माणूस," साहेब म्हणाले, "आज इथं आहे."

चिटणीसांनी पाठीमागून हलकेच ढकललं. भाऊ प्रकाशात आले. आठशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. साहेबांनी त्यांना मिठी मारली, खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "मी यांना केव्हाच माफ केलंय. मी तर यांचा ऋणी आहे. यांनी मला कोंडलं, म्हणून मी मोकळा झालो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आठशे माणसांत या वाक्याचा दुसरा अर्थ कळणारा एकच माणूस होता. त्यानं चेहरा दगडी ठेवला.

निवेदिका धावत माइक घेऊन आली. "भाऊ, सांगा ना, तेव्हा त्यांना का कोंडलंत? आज काय वाटतं?"

खांद्यावरचा हात जड झाला. बोटं रुतली. भाऊंना अकराव्या रांगेत बायको दिसली. ती खुर्चीच्या कडेला पुढं सरकून बसली होती, आणि तिच्या शेजारी कुटुंबासह आलेला न्हावी होता. दोन वाक्यं पुरली असती. पहिल्या वाक्यानं भाऊ खरे ठरले असते, आणि दुसऱ्या वाक्यानं त्या दिवसाबद्दल ते पस्तीस वर्षं गप्प का होते, हेही गावाला कळलं असतं. माइक हातात होता. तो चालू होता, हे त्यांनी तांबड्या दिव्यावरून तपासून घेतलं.

"चूक झाली," भाऊ म्हणाले. "लवकर उघडायला पाहिजे होतं."

पुन्हा टाळ्या. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. साहेब मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते भाऊंकडे बघत होते. मग त्यांचा हात खांद्यावरून निघाला, आणि नगराध्यक्षांनी पुष्पगुच्छ पुढं केला.

घरी येताना बायको तीन विजेचे खांब पुढं चालत राहिली. चौथ्यापाशी म्हणाली, "सांगितलं का नाही?"

"सांगितलं की."

"चूक झाली, हे?"

"ते खरंच होतं."

ती थांबली. "मला तरी सांगा. काय झालं होतं त्या दिवशी?"

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांना इतक्या हळू आवाजात कधी काही विचारलं नव्हतं.

"चल," ते म्हणाले. "ऊन वाढलंय."

*

त्यानंतर गाव बदललं. भाऊंनी तीस वर्षं खरं सांगितलं, तेव्हा एकाचाही विश्वास बसला नाही. खोट्याला एकदा मान हलवली, आणि सगळ्यांचा बसला. न्हाव्यानं दाढी अर्ध्यावर थांबवून त्यांचा हात हातात घेतला. "माफ करा भाऊ. आम्ही टिंगल करत होतो. तुम्ही खरंच ओळखत होता की त्यांना!" 'दोस्त' हे नाव बंद झालं. रस्त्यात आया पोरांना दटावू लागल्या, "गप बसतोस का देऊ त्या कोंडणाऱ्यांकडं?" पोरं गप बसत. बँकेत त्यांना रांगेत उभं राहावं लागेना. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, आणि साहेबांनी शब्द पाळला. 'दगडी चेहऱ्याचा राखणदार' जाऊन तिथं 'दगडी चेहऱ्याचा ऑपरेटर' आला. चिटणीसांनी ते पान दाखवायला खास फेरी मारली.

मग एका मासिकाचे लोक आले. एक लिहिणारी मुलगी आणि एक फोटोवाला. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि सांगितलं तसे दारात उभे राहिले.

"जरा रागीट बघा ना, आजोबा," फोटोवाला म्हणाला. "कोणावर तरी चिडलाय असं."

भाऊंनी प्रयत्न केला.

"नाही हो. हे तर पाहुण्यांची वाट बघितल्यासारखं येतंय."

"बायकोवर चिडल्यासारखं करा," मुलगी हसत म्हणाली. भाऊंनी तेही करून पाहिलं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला आणि मुलीकडं पाहिलं. चेहरा फारच साधा होता. त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं.

आत भाजी चिरणारी बायको विळी बाजूला सारून उठली. बाहेर आली, पदराला हात पुसले, आणि तिनं भाऊंच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

चष्म्याशिवाय भाऊंना तीन फुटांपलीकडचं काही दिसत नसे. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, डोळे बारीक केले, जबडा आवळला, आणि समोरच्या उजेडात कोण उभं आहे ते शोधू लागले.

"आता घ्या," बायको म्हणाली.

"वा!" कोणीतरी म्हणालं. "अस्संच राहा."

भाऊ तसेच राहिले.